टिक काढलेलं फोल्डर

"दीदी, नेट चल तो रहा है, पर चल नहीं रहा है."

बाहेरच्या माणसाला हे वाक्य वेड्यासारखं वाटेल. मला ते एकदम स्वच्छ कळायचं. म्हणजे राउटरचा दिवा हिरवा आहे, मेसेज येतायत-जातायत, पण मोठी फाइल काही केल्या उतरत नाहीये. जबलपुरातल्या एका लहानशा ब्रॉडबँड कंपनीच्या तक्रारींच्या टेबलावर मी तेवीस वर्षं काढली. आधी नुसते फोन उचलायचे, मग ऑफिसात बसून लाइन तपासायला शिकले, मग घरोघरी जाऊन लोकांचे कॉम्प्युटर बघायला लागले. आमचे लाइनमन खांबावर सरसर चढायचे, पण फाइल का अडकली हे सांगायची वेळ आली की म्हणायचे, "वो मराठी दीदी को भेजो." माझं नाव अर्ध्या शहराला आजही ठाऊक नाही. दीदी म्हटलं की झालं.

निवृत्त झाल्यावर जबलपुरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मागणी आली. संपादकबाई म्हणाल्या, "अनुभव लिहा हो, पण टेक्निकल नको." आता हे म्हणजे स्वयंपाकिणीला सांगायचं, बाई तुझ्या स्वयंपाकाबद्दल लिही, पण चुलीचं नाव काढू नको. थोडं टेक्निकल येणार. सोसा.

फाइल शेअरिंगचं प्रकरण असं असतं. साधारणपणे आपण फाइल एका मोठ्या दुकानातून घेतो. दुकान बंद तर माल बंद. यात मात्र दुकानच नसतं. समजा, पाचशे पानांच्या पुस्तकाची पानं सुटी करून गल्लीत वाटली. माझ्याकडे दहा पानं, तुमच्याकडे वीस. मी तुमची उतरवून घेते, तुम्ही माझी. असं करता करता सगळ्यांकडे अख्खं पुस्तक होतं. या देवाणघेवाणीत जे जे असतात त्यांना पीअर म्हणायचं, आपण जोडीदार म्हणू. ज्याच्याकडे पूर्ण पुस्तक आहे त्याला सीड म्हणतात. गल्लीत कुणाकडेच नसलेलं एक जरी पान निघालं, तरी सगळे त्याच पानाला येऊन अडतात. मग तुम्ही प्लान बदला, राउटर बदला, आमच्या नावानं बोटं मोडा, काही उपयोग नाही.

लोक त्यातून काय उतरवतात हे मी विचारत नसे आणि तेही सांगत नसत. एक गृहस्थ दर शुक्रवारी "ऑफिस का डाटा" अडकला म्हणून फोन करायचे. शुक्रवारीच नवे सिनेमे लागतात हे मलाही ठाऊक होतं. मी कायद्याचे चार शब्द सांगायचे, ते "जी दीदी, जी दीदी" करायचे.

ग्वारीघाटावरचे एक पंडितजी माझे जुने गिऱ्हाईक. परदेशातल्या यजमानांच्या पूजा नर्मदेवर करायचे आणि त्यांचे व्हिडिओ असल्याच एका प्रोग्रामातून पाठवायचे. व्हिडिओ जाता जाईना. मला म्हणाले, "दीदी, सौ का प्लान लिया है, सौ का. फिर भी यजमान को कल की पूजा परसों मिल रही है." मी म्हटलं, "पंडितजी, सौ लेने का है. देने का दस ही है. आप तो भेज रहे हैं न?" पंडितजी म्हणाले, "अच्छा, मतलब आपकी कंपनी दक्षिणा पूरी लेती है, प्रसाद कम देती है." मी त्यांना पाठवायचा वेगही जास्त असलेला प्लान दिला.

मझौलीच्या एका दुकानदाराची तऱ्हा उलटी. त्यानं आपल्या प्रोग्रामात दुसऱ्याला द्यायचा वेग जवळजवळ शून्यावर आणून ठेवला होता आणि आपल्याला मिळत का नाही म्हणून भांडत होता. मी सांगितलं, "भैया, इसमें जो देता है उसी को पहले मिलता है. आप नहीं दे रहे, तो सामने वाला भी हाथ खींच लेता है." त्यानं इकडेतिकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "मतलब उनको पता चल जाता है?"

आणखी एक कारण दरवाजाचं. घरातला राउटर म्हणजे कॉलनीच्या फाटकावरचा चौकीदार. आतल्या माणसानं बोलावलं असेल तरच तो बाहेरच्याला सोडतो. दोन जोडीदारांकडे असे दोन कडक चौकीदार असले की दोघं आपापल्या फाटकाआड उभे राहतात आणि भेट होत नाही. निदान एकानं तरी आपलं फाटक थोडं उघडं ठेवावं लागतं. राउटरमध्ये जाऊन ते कसं उघडायचं, हे जबलपुरात माझ्यापेक्षा जास्त वेळा कुणी केलं नसेल, असा माझा अंदाज आहे. अंदाज कसला, घमेंड आहे.

ही घमेंड माझ्या अंगाशी आली, तीच गोष्ट सांगायची आहे. निवृत्त व्हायला चार-पाच महिने उरले होते तेव्हाची. ती निभावली म्हणून लिहून राहिले. निभावली नसती तर संपादकबाईंना मी तब्येतीचं कारण सांगितलं असतं.

आमच्या अधारतालला, माझ्या घरापासून दोन घरं सोडून, सुमनताई बोकारे राहतात. वय शहात्तर. यजमान नाहीत, मुलगा प्रशांत बंगलोरला. आमच्या मंडळाचं गणपतीत नाटक असायचं, मंडळातल्याच कुणीतरी लिहिलेलं. सुमनताई तीस वर्षं त्या नाटकांच्या प्रॉम्प्टर होत्या. विंगेत स्टुलावर बसायचं, एका हातात वही, दुसऱ्या हातात बॅटरी, आणि नट अडला की हळूच वाक्य पुढे सरकवायचं. स्टेजवर त्या एकदाही आल्या नाहीत. सात वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून त्या शाळेच्या वहीत लिहून बोलतात. अक्षर सुरेख आहे आणि वाक्यं आखूड.

या नाटकांची दोन तऱ्हेची रेकॉर्डिंग होती. एक व्हिडिओ, लग्नाचं शूटिंग करणारा समोरून करायचा. त्यात फक्त नट. दुसरं, कॅसेटवरचं. ते बोकारेकाका करायचे. प्लग विंगेत एकच होता, तो सुमनताईंच्या स्टुलाजवळ, म्हणून टेपरेकॉर्डरही तिथंच. झालं असं, की कॅसेटमध्ये सुमनताई ठणठणीत ऐकू यायच्या आणि नट कुठंतरी लांब विहिरीत असल्यासारखे. सगळे हसायचे. "हे नाटक नाहीच, सुमनवहिनींचं एकपात्री आहे," म्हणायचे.

ऑपरेशनच्या बऱ्याच आधी प्रशांतनं सुट्टीत येऊन हे सगळं कॉम्प्युटरवर घेतलं. पंच्याऐंशी जीबी झालं. मंडळाचे लोक आता पांगलेले, कुणी नागपूर, कुणी पुणे, कुणी परदेशात. सगळ्यांना मिळावं म्हणून त्यानं ते फाइल शेअरिंगवर ठेवलं आणि लिंक वाटली. व्हिडिओचं फोल्डर वेगळं, ऑडिओचं वेगळं. या प्रोग्रामात नको त्या फोल्डरची टिक काढता येते. बहुतेकांनी ऑडिओची टिक काढली. "काहून घ्यायचं ते? नुसतं प्रॉम्प्टिंग तर ऐकू येते." कॅसेटींना बुरशी लागली होती, त्या रंगकामाच्या वेळी कबाड्याकडे गेल्या. प्रशांतनं आपल्या लॅपटॉपवरची प्रत पुसली, कारण आईच्या कॉम्प्युटरवर होती. असं प्रत्येकानं दुसऱ्याच्या भरवशावर सोडून दिलं.

आईचा तो कॉम्प्युटर म्हातारा झाला आणि प्रशांतनं नवा लॅपटॉप पाठवला. मला फोन केला, "मावशी, जुन्यातलं नव्यात तेवढं घालून दे." मी गेले. दोन्ही मशीन शेजारी ठेवली आणि त्याच प्रोग्रामानं नाटकं इकडची तिकडे घ्यायला लावली. समोर दोन फोल्डरं आली. मी ऑडिओची टिक काढली. हो, मीच काढली. माझ्याही डोक्यात तेच, प्रॉम्प्टिंगचा कचरा कशाला. संध्याकाळपर्यंत हिरवी पट्टी शंभर टक्के झाली. मी जुना कॉम्प्युटर पुसून कोरा केला आणि सुमनताईंच्या सांगण्यावरून एका बालवाडीला देऊन टाकला.

शंभर टक्के म्हणजे ज्याला टिक केली त्याचे शंभर टक्के. हे मी फोनवर शेकडो गिऱ्हाइकांना सांगितलं आहे. "भैया, पहले देखिए टिक किस-किस पर है." स्वतःच्या वेळी मी पट्टी बघितली, टिक विसरले. वर सुमनताईंना म्हटलंसुद्धा, "सगळं आलं हो, एक फाइल राहिली नाही."

दोनेक महिन्यांनी त्यांच्याकडे गेले तर त्यांनी वही पुढे केली. "ऑडिओचं फोल्डर कुठे आहे? मला सापडत नाही."

मी म्हटलं, "असेल ना, बघते." लॅपटॉप उघडला. प्रोग्राम उघडला. ऑडिओवर परत टिक लावली, तशी ती हिरवी पट्टी शंभरावरून सरकन त्र्याण्णववर आली आणि तिथंच थांबली. "शोधते," म्हणून मी घरी निघून आले. बालवाडीत धावत गेले, तर तिथल्या सरांनी त्या कॉम्प्युटरवर मुलांची गाणी-गोष्टी गच्च भरून ठेवल्या होत्या; पुसलेलं परत काढायची सोयच उरली नव्हती.

खरं सांगायला मला चार दिवस लागले. चार दिवस मी त्यांच्या दारावरून न जाता मागच्या गल्लीनं ऑफिसला गेले. पाचव्या दिवशी जाऊन समोर बसले आणि सांगितलं, "सुमनताई, ते मी पुसलं. टिक मी काढली होती." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग लिहिलं, "माझा आवाज कसा होता, मला आठवत नाही. म्हणून ऐकायचा होता. बाकी काही नाही." आणि मी वाचतेय तोवर खाली आणखी एक ओळ लिहिली. "चहा ठेव."

तो चहा मी कसा केला आणि कसा प्यायले, मला आठवत नाही. त्यांच्या घरी प्रशांतच्या लग्नाचा एक व्हिडिओ होता, त्यात त्या गप्प. फोनवर कुणी कधी रेकॉर्ड केलं नव्हतं. तीस वर्षं दुसऱ्यांना शब्द देणाऱ्या बाईचा आवाज एवढ्या एका फोल्डरात होता, आणि ते मी कचरा समजून सोडलं होतं.

मग मी माझ्या विद्येला लागले. मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, ज्यांना ज्यांना ओळखत होते त्यांना फोन केले. सगळ्यांकडे व्हिडिओ, ऑडिओ कुणाकडेच नाही. प्रोग्राममध्ये एक आकडा दिसतो, सगळ्या जोडीदारांकडचं मिळून किती पुस्तक जमतंय याचा. एक म्हणजे पूर्ण. आमचा आकडा शून्य दशांश त्र्याण्णव. म्हणजे ती पानं गल्लीत कुणाकडेच नाहीत. तरी मी सुमनताईंच्या राउटरचं फाटक उघडून ठेवलं, लॅपटॉप चालू ठेवला आणि सांगितलं, "याला हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी सवा सहाला चहाचा कप घेऊन त्यांच्याकडे गेले, सहज आकडा बघितला. एक दशांश त्र्याण्णव.

मी कप खाली ठेवला. कुणीतरी आलं होतं, आणि त्याच्याकडे पूर्ण पुस्तक होतं. फाइलही येत होती, पण वेग बघून रडू यावं. सेकंदाला पाच केबी. पावणेसातला तो गेला. आकडा परत शून्य दशांश त्र्याण्णव. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, सवा सहाला हजर, पावणेसातला गायब. मी कागदावर मांडून बघितलं. राहिलेला माल सहा जीबी. या चालीनं जवळजवळ दोन वर्षं लागली असती, तेही त्या माणसाचं मशीन तोवर टिकलं तर.

प्रोग्रामात दिसणारा त्याचा नेटवरचा पत्ता मात्र आमच्याच कंपनीच्या आकड्यांनी सुरू होत होता. म्हणजे माणूस जबलपुरातला. कुठल्या घराचा हे नियमानं मला असं खाजगी कामासाठी शोधता येत नव्हतं, आणि शोधावंही लागलं नाही. आमच्या ऑफिसात एक मोठा स्क्रीन आहे. कुठल्या घराची लाइन तुटली की तिथं लाल ठिपका येतो. एक ठिपका रोज सकाळी पावणेसातला लाल व्हायचा. नव्यानं लागलेला प्रत्येक लाइनमन एकदा तरी तो फॉल्ट दुरुस्त करायला धावत गेला होता आणि बोलणी खाऊन परत आला होता. रांझीचे देशकर काका. वय एक्क्याऐंशी, दारूगोळ्याच्या कारखान्यात बॉम्बमध्ये दारू भरायच्या सेक्शनमधून फोरमन म्हणून निवृत्त. काका रोज सकाळी कॉम्प्युटर लावत, बातम्या वाचत आणि अर्ध्या तासानं उठताना भिंतीवरचा मेन स्विच खाली पाडत. राउटर, कॉम्प्युटर, सगळं ठप्प.

मी त्याच दुपारी त्यांच्या दारात. काकांनी चष्म्यावरून बघितलं.

"लाइन चांगली आहे माझी. कोण पाठवलं तुले?"

"कुणी नाही काका. सुमनताई बोकाऱ्यांचं काम आहे."

"वहिनींचं?" त्यांनी दार पूर्ण उघडलं. "ये. चप्पल राहू दे."

मी सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. काकांना आपल्याकडे असलं काही आहे याचा पत्ताच नव्हता. बटणांचा साधा फोन वापरणारा माणूस, ग्रुपवर नाही. नातू दिवाळीत आला होता, त्यानं काकांच्या मेलवर आलेली लिंक उघडून सगळं घ्यायला लावलं होतं, टिक काढायचाही कंटाळा केला होता, आणि आजोबांचं नेट खर्च होऊ नये म्हणून द्यायचा वेग पाच केबीवर बांधून गेला होता. त्या पोराच्या आळसाला मी मनातल्या मनात हात जोडले. कॉम्प्युटर लावला की तो प्रोग्राम आपोआप सुरू व्हायचा आणि काका बातम्या वाचेपर्यंत बिचारा थेंब-थेंब वाटत बसायचा.

आता म्हणाल, पेन ड्राइव्ह लावून पाच मिनिटांत घ्यायचं. मीही तोच काढला. पेन ड्राइव्ह लावायच्या फटी बघते तर एम-सील भरून गच्च बुजवलेल्या.

"हे काय काका?"

"पेन ड्राइव्ह अलाउड नाही. कारखान्यात नव्हता, घरात काहून पाहिजे?"

मशीन उघडून डिस्क काढावी, तर डिस्क कर्र-कर्र वाजत होती. असल्या दुखणाईत डिस्कला हलवलं की ती प्राण सोडते, हे मला माहीत होतं. एक डिस्क मी आधीच घालवून बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सवा सहालाच सुमनताईंचा लॅपटॉप आणला, काकांच्या राउटरला वायरनं जोडला आणि नातवानं बांधलेला वेग मोकळा सोडला. घरातल्या घरात माल सुसाट यायला हवा. डिस्क इतकी थकलेली, की सेकंदाला दोनशे केबीच्या वर जाईना. पण दोनशे म्हणजे पाचाच्या चाळीसपट. साडेआठ-नऊ तासांचं काम.

मी म्हटलं, "काका, आज हे चालू राहू द्या."

"मी बसलो आहे तोवर चालू."

"आणि तुम्ही उठलात की?"

"मग बंद. माणूस नाही तर करंट नाही. चौतीस वर्षं माझ्या सेक्शनमध्ये काही झालं नाही ते काय उगीच?"

त्यांची पाठ दोन तासांच्या वर बसू देत नव्हती. आणि ही डिस्क एकदा बंद झाली की परत उठेल, याची मला खात्री वाटत नव्हती. रोज अर्धा तास ती उठत होती खरी, पण आता आवाज वाढला होता. मी खूप समजावलं. आगीचं काही भय नाही, मी बसते म्हटलं. काका म्हणाले, "एकट्या माणसाची नऊ तास ड्यूटी लावत नाहीत. डोळा लागते." माझं डोकं तडकलं होतं. मी रागानं म्हटलं, "मग लावा ना ड्यूट्या. काढा शिफ्टा."

मी चिडून म्हटलं होतं. काकांचा चेहरा मात्र उजळला. "हे बोल ना मग सरळ."

त्यांनी फोन उचलला आणि गल्लीतल्या दोघा जुन्या साथीदारांना बोलावलं. एक वानखडेकाका, एक तिवारीजी. दोघंही त्याच सेक्शनचे, दोघंही पंचाहत्तरीच्या पुढचे. वीस मिनिटांत दोघं हजर, तिवारीजी तर इस्त्रीचा शर्ट घालून. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ड्यूटीचा तक्ता झाला. नातवाची एक वही रजिस्टर झाली, त्यात वेळ, टक्के, सही. "चार्ज दिया." "चार्ज लिया." एवढं बोलल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. मलाही सही केल्याशिवाय बसू दिलं नाही. तेवीस वर्षांत माझ्या कंपनीनं एका फाइलकडे एवढं लक्ष दिलं नसेल.

त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, पंच्याण्णव. तिवारीजी पडद्याकडे असे बघत होते, जणू दूध उतू जाणार आहे. मधूनच विचारायचे, "बेटी, ये नंबर पीछे तो नहीं जाता?" दुपारी मी जेवून परत आले तर खोलीत शांतता. कर्र-कर्र बंद. वेग शून्य. रजिस्टरमध्ये तिवारीजींच्या सुरेख हिंदीत नोंद होती: "बारह बजकर पचास मिनट, मशीन विश्राम पर." मी पडद्यासमोर गेले, पण काही करण्यासारखं नव्हतं. डिस्कचा तेवढा तुकडा खराब झाला असणार, प्रोग्राम पुन्हा पुन्हा मागत असणार आणि डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत असणार. अशा वेळी बंद करून चालू करावं, असं मी गिऱ्हाइकांना रोज सांगायचे. त्या दिवशी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. वानखडेकाका म्हणाले, "राहू दे. म्हातारं माणूस थांबते, मग चालते." बारा मिनिटं गेली. मग कर्र झालं. परत कर्र झालं. आकडा हलला.

साडेतीनच्या सुमाराला मी रिक्षा करून सुमनताईंना घेऊन आले. काही सांगितलं नाही, फक्त चला म्हटलं. त्या आल्या तेव्हा देशकर काका खुर्चीवर ड्यूटीला होते, म्हणून उठले नाहीत. बसल्या बसल्या नमस्कार केला. चार वाजून काही मिनिटांनी पट्टी शंभर झाली. वानखडेकाकांनी टाळी वाजवली. मी पट्टीकडे बघितलंच नाही. आधी टिका बघितल्या, मग फोल्डर उघडून एकेक फाइल मोजली. त्रेचाळीस कॅसेटी, त्रेचाळीस फाइली. लॅपटॉपला माझ्या दोन डिस्क लावल्या, दोन्हींवर प्रती केल्या, दोन्ही उघडून बघितल्या, आणि मग माझा जीव भांड्यात पडला. मी तिथंच जमिनीवर बसले.

"लाव," काका म्हणाले.

मी मधलीच एक फाइल लावली. आधी नुसती खरखर. खुर्च्यांचे आवाज. मग अगदी जवळून, कानाशी बोलावं तसा एका बाईचा आवाज आला. दबका, भरभर, जरा धारदार. "जावईबापू, बॅग खाली ठेवा." लांबून कुणीतरी म्हणालं, "जावईबापू, बॅग खाली ठेवा." मागे लोक हसले.

सुमनताई पुढे वाकल्या. कपाळावर आठ्या. कुणा अनोळखी बाईला ओळखायचा प्रयत्न करावा तशा ऐकत होत्या. वही ओढून त्यांनी लिहिलं, "इतकी तुसडी होते मी?"

मी काही म्हणणार, तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. "मी इथं राहायला आलो नाही. न्यायला आलो आहे." त्यावर नट काही बोलेचना. टेपमध्ये शांतता पसरली. आवाजानं परत वाक्य दिलं, या वेळी जरा मोठ्यानं. नट गप्पच.

देशकर काका खुर्चीतून उठले. ड्यूटी सोडून उठले. शर्टाचं वरचं बटण लावलं, सुमनताईंकडे तोंड केलं, दोन्ही हात उंचावले आणि एक्क्याऐंशी वर्षांच्या घशातून, कापऱ्या पण खणखणीत स्वरात म्हणाले, "मी इथं राहायला आलो नाही. न्यायला आलो आहे."

क्षणभरानं टेपमधला त्यांचाच तरुण आवाज तेच म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्या टाळ्यांच्या आड, वहीत नसलेलं, फक्त स्टेजवरच्या नटाला ऐकू जावं असं, तो बाईचा आवाज म्हणाला, "शाब्बास देशकर. आता हात खाली."

काकांनी हात खाली केले. सुमनताई हसत होत्या. त्यांच्या हसण्याला आता आवाज नसतो, नुसते खांदे हलतात. हसता हसता त्यांनी पेन उचललं, एकच शब्द लिहिला आणि वही माझ्या मांडीवर ठेवली.

"आठवला."

टेपमध्ये त्या पुढचं वाक्य देत होत्या.